पंतोजी, पंतुलु, मास्तर, गुरुजी, सर : स्मरणिकेत काय छापायचं?

तू जे विचारलंस ते आधी दोन ओळीत सांगतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. शाळेची स्मरणिका निघतेय, तिच्यात जुन्या शिक्षकांची यादी छापायचीय आणि कमिटीत वाद सुरू झालाय की नावापुढं काय लावायचं. एकाचं म्हणणं सगळ्यांना 'गुरुजी' लावा, तोच आपला खरा शब्द. दुसऱ्याचं म्हणणं 'मास्तर' तर अजिबात नको, एकतर इंग्रजी आणि वर कमीपणाचा वाटतो. आणि तुझी आजी याच माणसांना 'पंतोजी' म्हणायची. तर पंतोजी म्हणजे नक्की कोण, मास्तर कुठून आला, आणि यातला खरा शब्द कोणता.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बहुतेक सोलापुरात पूर्व भागात, जिथं वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू, आणि शाळेच्या गेटच्या आत आलं की सगळ्यांची मराठी. त्यामुळं एकाच माणसाला चार भाषांत काय म्हणतात हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही, रोज कानावर पडायचं.

पंतोजीपासूनच सुरुवात करतो. नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी एक आजी नातवाला घेऊन वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. विड्या कारखान्यात द्यायला निघाल्या होत्या, डोक्यावर टोपली, वर ओलं फडकं, हातांना तंबाखूचा वास. चौकटीला हात लावून मला म्हणाल्या, "पंतुलु गारु". मला ऐकू आलं 'पंतोजी', आणि मला वाटलं जुन्या वळणाचं मराठी बोलतायत. नातू म्हणाला, नाही सर, आमच्यात तसंच म्हणतात, शाळेच्या सरांना पंतुलु. घरी येऊन मी शब्दकोश काढला, आणि तिथून मला जो या शब्दांचा नाद लागला तो आजपर्यंत सुटला नाही.

तर 'पंत' हे 'पंडित'चं झिजलेलं रूप. शिवकाळापासून आपल्याकडं पंत अमात्य, पंत सचिव, नंतर पंत प्रतिनिधी, पंतप्रधान ही पदं आहेत, मोरोपंतांसारखी नावं आहेत, आणि आज दिल्लीत बसणाऱ्या पंतप्रधानांच्या पदातला पंत आणि तुझ्या आजीच्या पंतोजीतला पंत हा एकच. त्याला पुढं आदराचं 'जी' लागलं, तुकोजी, मालोजी, राणोजी म्हणताना मध्ये जसा ओ येतो तसाच इथं आला, आणि झाला पंतोजी. तेलुगूत काय झालं बघ, तोच पंडित, तोच झिजून पंत, फक्त आदरासाठी त्यांनी 'जी' न लावता आपलं 'लु' लावलं. तेलुगूत हे लु अनेकवचनाचं, जसं आपण मोठ्या माणसाला 'ते आले' म्हणतो, 'तो आला' म्हणत नाही, तसं. आंध्रचे समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम पंतुलु यांच्या नावातलं पंतुलु हेच. शाळेतल्या शिक्षकाला ते 'बडिपंतुलु' म्हणतात, बडि म्हणजे शाळा. म्हणजे त्या आजी तेलुगू बोलत होत्या आणि मला मराठी ऐकू आलं यात माझी चूक फार नव्हती, दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत. कन्नडमध्येही पंतोजी आहे, आणि शेवटचं 'जी' बघता तो आपल्याकडून तिकडं गेला असं मी मानतो.

पंतोजींची शाळा कशी असायची? देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत, धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायचं, मोडी, हिशेब आणि पाठांतर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, हे सगळं रोज संध्याकाळी एका सुरात. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आता कुणाला विचारलं तर शब्दसुद्धा माहीत नसतो. मोबदला बहुतेक धान्य, शिधा, सणाला काहीतरी. सरकारी पगार नाही. १८५४ चा वूडचा खलिता, म्हणजे इंग्रजांचं शिक्षणाचं धोरण ठरवणारं पत्र, आला, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं सुरू झालं, आणि पगारी शिक्षकाबरोबर नवा शब्द आला, मास्तर. पण जुना लगेच गेला नाही. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांवर जो पवाडा लिहिला त्याचं नावच 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' आहे. म्हणजे खातं सरकारी झालं, पगार सरकारी झाला, पण लोकांच्या तोंडात माणूस अजून पंतोजीच होता. आणि हेही लक्षात घे की त्या शब्दात जात होती. पंत म्हटलं की ब्राह्मण हे गृहीतच होतं, फुल्यांचा राग त्यावरच होता, की खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला त्याच्यातला कुणी का नाही. म्हणून पंतोजी शब्द मागं पडला याचं मला दुःख नाही, शब्द गोड आहे पण त्याचं दार अरुंद होतं.

मास्तर शब्दाला तसं दार नव्हतं. कुणीही मास्तर होऊ शकत होता. माझे वडील मिलमध्ये वीव्हिंग खात्यात होते आणि त्यांच्या तोंडात मास्तर म्हणजे आधी वीव्हिंग मास्तर, स्पिनिंग मास्तर, जो मागाचा आवाज ऐकून सांगायचा की दोष कुठं आहे. मी बी.एड. होऊन शाळेत लागलो तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं "पोरगा मास्तर झाला", आणि ते सांगताना त्यांच्या डोळ्यासमोर तोच माणूस असणार हे मला फार उशिरा कळलं. टेलरच्या दुकानात कापड कापणारा मास्तर, स्टेशन मास्तर, पोस्टमास्तर, बँड मास्तर. सगळीकडं अर्थ एकच, ज्याला त्या कामातलं येतं आणि जो दुसऱ्याकडून ते करून घेतो.

मूळ लॅटिन, 'मॅजिस्टर'. त्यातलं 'मॅजिस' म्हणजे अधिक, जास्त. जो इतरांपेक्षा अधिक आहे तो मॅजिस्टर. रोममध्ये पोरांना शिकवणाऱ्याला 'लुदी मॅजिस्टर' म्हणत. त्याच्या उलट 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून मिनिस्टर, सेवा करणारा. मॅजिस्टर फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि मास्टर झाला, आणि पोर्तुगीजमध्ये गेला तो 'मेस्त्रे' झाला. आता तो पोर्तुगीज मेस्त्रे कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आणि आपल्याकडं काय झाला? मेस्त्री. मिस्त्री. होय, भिंत बांधणारा, गाडी दुरुस्त करणारा आपला मिस्त्री आणि शाळेतला मास्तर हे एकाच घरातले, एक पोर्तुगीजांच्या गलबतातून आला आणि दुसरा इंग्रजांच्या. आमच्या शाळेचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी नववीच्या वर्गाला खिडकीतून बाहेर बघायला लावलं होतं. म्हटलं तो माणूस ओरडतोय 'घमेलं आण', ते घमेलं पोर्तुगीज, शनिवारी त्याला मिळणार तो पगार पोर्तुगीज, आणि तो मिस्त्री तोही पोर्तुगीज शब्द, आणि इथं फळ्यासमोर उभा आहे तो त्याचाच भाऊ. पोरं त्या दिवशी जेवढी लक्ष देऊन बसली तेवढी व्याकरणाला कधी बसली नाहीत.

एक बारीक गोष्ट सांगतो, भाषेच्या लोकांना आवडेल. इंग्रजी ट आपण एरवी ट च ठेवतो, डॉक्टर, कंडक्टर, टेबल. मग मास्टरचा 'मास्तर' का? माझ्या मते कारण त्या आधीचा स. आपला स दातांजवळचा, ट टाळूकडं वळलेल्या जिभेचा, दोन्ही जोडून म्हणताना जीभ अडखळते, मग मराठीनं ट ला स च्या शेजारी ओढून त केलं. कन्नडनं नेमकं उलटं केलं, त्यांनी स ला ट च्या शेजारी नेऊन ष केला, म्हणून त्यांच्याकडं 'मेष्ट्रु'. पण विजापूर, धारवाडकडचे लोक 'साली मास्तर' म्हणतात, साली म्हणजे शाळा, आणि आपल्या सोलापूरच्या कन्नड घरांतही मी मास्तरच जास्त ऐकलं. जो शब्द तोंडात इतका घासून गुळगुळीत झालाय त्याला अजून इंग्रजी कशाला म्हणायचं? 'मास्टर' इंग्रजी असेल, 'मास्तर' मराठी आहे.

आता गुरुजी. इथं मला थोडं सावकाश बोलू दे कारण इथंच सगळ्यात जास्त चुकीचं पसरलंय. दर गुरुपौर्णिमेला मेसेज येतो की गु म्हणजे अंधार आणि रु म्हणजे तो घालवणारा. मीही पहिली सात-आठ वर्षं वर्गात हेच सांगितलं. हे श्लोक जुन्या ग्रंथांत आहेत, भक्तीच्या अंगानं ते सुंदर आहेत, पण तो शब्दाचा जन्म नाही, शब्द आधीपासून होता आणि त्याची अक्षरं फोडून नंतर अर्थ बसवला. मला हे शिकवलं एका मुलीनं. वृत्त शिकवत होतो, फळ्यावर लघू-गुरूच्या खुणा करत होतो, आणि ती उठून म्हणाली, "सर, लघू म्हणजे हलकं, मग गुरू म्हणजे जड की. मग ते अंधाराचं काय?" मी खडू खाली ठेवला. ती बरोबर होती. गुरु म्हणजे जड, वजनदार, हाच मूळ अर्थ. गौरव, गरिमा, गरिष्ठ हे सगळे त्याच कुळातले. लॅटिनमधला 'ग्राविस' याच मुळाचा, ज्यावरून ग्रॅव्हिटी, आणि ग्रीक 'बारुस' याच मुळाचा, ज्यावरून बॅरोमीटर. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरू. मला विचारशील तर अंधार-प्रकाशापेक्षा हा अर्थ जास्त खरा वाटतो, कारण वर्गात उभं राहिल्यावर कळतं की पोरं उजेड बघत नाहीत, वजन बघतात, या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं की सोडून द्यायचं हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवतात. आणि मराठीत गुरुकिल्ली हा शब्द बघ, सगळी कुलपं उघडणारी ती गुरुकिल्ली, इंग्रजीत तिलाच मास्टर की म्हणतात. म्हणजे भाषेनं गुरू आणि मास्तर यांना कधीच एका पंगतीला बसवलंय, आपली कमिटी मात्र भांडतेय.

जिल्हा परिषदेच्या शाळांत गुरुजी चालतं, साने गुरुजींमुळं त्या शब्दाला एक माया लागली. पण म्हणून तोच एक 'आपला खरा' असं नाही. आचार्य आहे. यास्कानं निरुक्तात, म्हणजे शब्दांची मूळं सांगणाऱ्या त्याच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, प्रश्नच घातलाय, आचार्य कशावरून? आणि उत्तर दिलंय की जो आचार ग्रहण करायला लावतो, अर्थ गोळा करतो, किंवा बुद्धी गोळा करतो. एकाच शब्दाचे तीन अर्थ देऊन तो 'किंवा' म्हणतो, हट्ट करत नाही, हे मला फार आवडतं. उपाध्याय आहे, ज्याच्या जवळ जाऊन शिकायचं तो. मनुस्मृतीत त्याची व्याख्या अशी की वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगं जो पोटासाठी शिकवतो तो उपाध्याय, आणि त्याला आचार्याच्या खूप खालची पायरी दिलीय. पगार घेऊन शिकवणारा कमी हा समज किती जुना आहे बघ. पण शब्दानं त्याची पर्वा केली नाही, तो फिरत राहिला. आपल्याकडं उपाध्ये, पाध्ये झाला, उत्तरेत ओझा आणि झा झाला, तमिळमध्ये वाद्यार झाला. माझ्या वर्गातला एक जैन मुलगा णमोकार मंत्र म्हणून दाखवायचा, "णमो आयरियाणं, णमो उवज्झायाणं", त्याला म्हटलं यातला आयरिय म्हणजे आचार्य आणि उवज्झाय म्हणजे उपाध्याय, तर घरी जाऊन त्यानं आजीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आजीचा निरोप आला की हे आम्हाला माहीत आहे, पण सरांना माहीत आहे याचा आनंद झाला.

बाईंचं राहिलंच. तुझ्या यादीत निम्म्या बाई असणार. मराठीत 'मास्तरीणबाई' म्हटलं की मास्तरांची बायको की स्वतः शिकवणारी, काही कळत नाही. संस्कृत व्याकरणात हा फरक दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. आचार्यानी म्हणजे आचार्याची पत्नी, आचार्या म्हणजे जी स्वतः शिकवते. उपाध्यायानी म्हणजे उपाध्यायाची पत्नी, उपाध्याया किंवा उपाध्यायी म्हणजे जी स्वतः शिकवते. म्हणजे शिकवणाऱ्या बायका तेव्हा होत्या, नाहीतर वेगळा शब्द करायची गरजच पडली नसती. म्हणून मास्तरीणबाई छापू नकोस, नुसतं 'बाई' छाप. आपल्या शाळेत कुठल्याही माजी विद्यार्थ्याला कुलकर्णी बाई, शेख बाई, बोल्ली बाई म्हटलं की नेमक्या कोण ते कळतं, मॅडम म्हटलं की कळत नाही.

उर्दूकडचे शब्द मराठीत आले ते मात्र शाळेत न येता लाल मातीत गेले. उस्ताद फारसी, त्याचा आपण वस्ताद केला आणि बसवला तालमीत. आणि 'तालीम' हा शब्दच मुळात अरबी, अर्थ शिक्षण, इल्मच्या कुळातला, मुअल्लिम म्हणजे शिक्षक हाही त्यातलाच. एकदा वर्गात एका मुलानं सांगितलं, "अब्बा म्हणतात आधी तालीम, मग दुकान", आणि मागच्या बाकावरच्यांनी त्याला लगेच विचारलं, कुठली तालीम, कुस्ती खेळतोस का? दोघंही बरोबर होते. ज्या गावात प्रत्येक पेठेत तालीम आहे तिथं शिक्षण या शब्दाचा अर्थ घाम गाळून रोजचा सराव असा झाला, आणि नाटकवाल्यांनीही सरावाला तालीमच म्हटलं, यात मला शब्दाची घसरण दिसत नाही. वस्ताद स्वतः लंगोट बांधून मातीत उतरतो, पकड दाखवतो, पोराची मान धरून सांगतो इथं जोर लाव. असं शिकवणं वर्गात मला फार थोड्या वेळा जमलं.

शिक्षक शब्दाबद्दल एवढंच, की तो शक् या धातूवरून, शक् म्हणजे शकणे, जमणे. शिक्ष् म्हणजे जमावं अशी इच्छा करणं. जमावं असं वाटणं म्हणजे शिक्षा. हिंदीत तो अर्थ राहिला, मराठीत शिक्षा म्हणजे छडी आणि अंगठे धरून उभं राहणं. हा अर्थ आपल्याकडं कसा पक्का झाला त्याचा दोष आम्हा मास्तर लोकांकडंच येतो, मी तो मान्य करतो. टीचरचं मूळ दाखवणं हे आहे, आपल्या दिश् या धातूशी नातं सांगणारं, दिशा, उपदेश यातला दिश्. आणि सर? सर म्हणजे इंग्रजी 'सायर'चं आखूड रूप, त्याच्या मागं लॅटिन सिनियर, वयानं मोठा, इतकंच. सरदार, सरकारमधला सर फारसी, डोकं या अर्थाचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

म्हणजे बघ, सगळ्यात मानाचा म्हणून जो 'सर' आज चालतो त्याचा अर्थ नुसता वयानं मोठा, आणि ज्याला कमीपणाचा म्हणून काढायला निघालात त्या मास्तरचा अर्थ कामात अधिक. मास्तर कमीपणाचा झाला तो शब्दामुळं नाही, पगार कमी होता, गावात लोक 'अरे मास्तर' म्हणून हाक मारायचे, जनगणनेपासून पत्रिका वाटण्यापर्यंत सगळी कामं त्याच्या गळ्यात, म्हणून.

तेव्हा कमिटीला माझं स्पष्ट मत सांग. एकच शब्द सगळ्यांना लावू नका. ज्याला पोरं जे म्हणायची तेच छापा. सुरुवातीच्या काळातले बहुतेक मास्तर असतील, त्यांना मास्तर ठेवा. प्राथमिकचे गुरुजी, नंतरचे सर, बायकांना बाई. व्यायामाच्या शिक्षकांना आपण सगळे वस्तादच म्हणायचो, तर वस्ताद छापा, त्यांच्या घरच्यांना आवडेल, पण आधी फोन करून विचारा. कोण काय होतं आठवत नसेल तर त्या त्या बॅचच्या दोघा-तिघांना विचारा, लगेच सांगतील.

शुद्धलेखनाचं बघून घे. सुटा शब्द असेल तर 'गुरू' दीर्घ, 'गुरुजी'त ऱ्हस्व. आणि तेलुगू वर्ग चालू होते तेव्हाच्या त्या जुन्या शिक्षकांना सगळा पूर्व भाग पंतुलुच म्हणायचा, त्यांच्या नावापुढं तेच घाल. मराठीच्या नियमानं शेवटचा लू दीर्घ करायचा मोह होईल, पण तेलुगूत तो ऱ्हस्व आहे, दोन्ही उकार ऱ्हस्वच ठेव, आणि प्रेसमधल्या प्रूफ बघणाऱ्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर चूक समजून तो 'पंतोजी' करून टाकेल.